उशाशी बसून हाक कोणाला मारायची?

प्रश्न : मी 68 वर्षांची निवृत्त शिक्षिका असून नाशिकला शरणपूर परिसरात राहते. आमचे घराणे चार पिढ्यांपासून ख्रिस्ती आहे. माझ्यासोबत एकाच शाळेत 29 वर्षे शिकवणाऱ्या माझ्या मुस्लिम मैत्रिणीची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत आणि आठवड्यातून तीनदा तिचे डायलिसिस होते. ती जुन्या नाशकात राहते. गेल्या महिन्यात तिने माझा हात धरून म्हटले, "बाई, तुमच्या चर्चमध्ये माझ्यासाठी दुआ मागा. देव काय दोन आहेत का?" मी नेहमीप्रमाणे "नाही हो, एकच आहे" म्हणाले. नंतर आमच्या प्रार्थना सभेत तिच्यासाठी विनंती ठेवली, तेव्हा सभा चालवणारे तरुण बांधव म्हणाले, की तिच्यासाठी प्रार्थना अवश्य करू, पण तुम्ही तिच्याजवळ बसून तिच्यासोबत प्रार्थना करू नका, कारण यहुद्यांचा देव आणि आपला देव एकच असला, तरी मुसलमानांचा अल्ला म्हणजे आपला परमेश्वर नव्हे. घरी मुलाला सांगितले, तर तो म्हणाला, "आई, सगळे देव एकच असतात, कशाला डोक्याला त्रास करून घेतेस?" मला दोघांचेही पटले नाही. इतकी वर्षे मी तिला खोटे सांगत आले का? तिच्या उशाशी बसून मी प्रार्थना करावी का, आणि केली तर कोणत्या शब्दांत?

उत्तर :

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, म्हणजे माझे विवेचन वाचून संपेपर्यंत तुमची भेट लांबणीवर पडणार नाही. मैत्रिणीच्या उशाशी जाऊन बसा, तिला ऐकू येईल अशी प्रार्थना करा, आणि ज्या परमेश्वराला तुम्ही बालपणापासून हाक मारत आलात त्यालाच हाक मारा. तुम्ही तिला जे सांगत आलात ते खोटे नव्हते. मात्र ते अपुरे होते, आणि ते अपुरेपण आता बोचते आहे म्हणूनच मुलाचे बोलणे प्रेमाचे असूनही तुमच्या गळी उतरले नाही. मीही मराठी ख्रिस्ती घरातच वाढले आहे, तेव्हा पुढे जे लिहिते आहे ते तटस्थ परीक्षकाचे मत म्हणून न वाचता, तुमच्याच बाकावर बसणाऱ्या एका बाईने बराच काळ विचार करून काढलेला निष्कर्ष म्हणून वाचावे.

ख्रिस्ती, यहुदी आणि मुसलमान एकाच देवाची उपासना करतात का, या एका वाक्यात दोन प्रश्न एकमेकांना चिकटून आलेले आहेत. उपासक कोणाला उद्देशून बोलतो, हा पहिला. आणि ज्याच्याशी तो बोलतो त्याच्याविषयी त्याची समजूत काय आहे, हा दुसरा. तुम्ही शाळेत होतात, म्हणून शाळेतलेच उदाहरण घेते. समजा, दोन पालकांनी मुख्याध्यापिकाबाईंना पत्रे लिहिली. एकाची ठाम समजूत आहे, की बाई एकट्या राहतात आणि त्यांना मूलबाळ नाही. दुसरा सांगतो, की बाईंना मुलगा आहे, इतकेच नव्हे तर तो आमच्या घरी येऊन आमच्या पंगतीला जेवून गेला आहे. दोघांचे म्हणणे एकाच वेळी खरे असणे शक्य नाही. तरीही शिपाई दोन्ही पाकिटे एकाच टेबलावर नेऊन ठेवतो. दोघांपैकी ज्याची समजूत चुकलेली आहे त्याने भलत्याच व्यक्तीला पत्र लिहिलेले नसते. त्याच व्यक्तीविषयी त्याचा गैरसमज झालेला असतो.

या उदाहरणालाही मर्यादा आहे आणि ती मी लपवत नाही. समजूत किती चुकली म्हणजे पत्र त्या व्यक्तीला लिहिलेलेच राहत नाही, असा प्रश्न कोणीही विचारील, आणि तो योग्यच आहे. म्हणून पाकिटावरचा पत्ता काय आहे, हे पाहावे लागते. तिन्ही धर्मांच्या पाकिटावर जो पत्ता आहे तो असा : ज्याने आकाश आणि पृथ्वी निर्माण केली, जो स्वतः निर्माण झालेला नाही, ज्याने अब्राहामाला, म्हणजेच इब्राहिमला, त्याच्या लोकांतून बाहेर काढले, जो मोशेशी, म्हणजेच मूसाशी, बोलला, जो शेवटी प्रत्येक माणसाचा न्याय करणार आहे आणि ज्याच्या जोडीला दुसरा कोणी नाही. हा पत्ता मोघम नाही. 'कोणीतरी वरची शक्ती' असे त्यावर लिहिलेले नाही. त्यावर माणसांची नावे आहेत आणि एका घराण्याचा इतिहास आहे. एवढ्या नेमक्या पत्त्यावर पाठवलेली हाक दुसरीकडे कुठे जात असेल, असे मला वाटत नाही.

आता तुमच्या मुलाच्या उत्तराकडे येते. नाशकात असे उत्तर सहज तोंडी येते, कारण आपण तसे वागताना लोकांना पाहतो. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला जी गर्दी लोटते तिच्यात ख्रिस्ती नसलेले भाविकही हात जोडून उभे असतात, आणि जुन्या नाशकातल्या बडी दर्ग्यावर चादर घेऊन जाणारे सगळेच मुसलमान नसतात. या वागण्याविषयी मला आदर आहे. परंतु दोन्ही दारांशी डोके टेकवणे वेगळे आणि दोन्ही दारांच्या आत काय सांगितले जाते ते ऐकणे वेगळे. ऐकायला बसलो, की 'सगळे एकच' म्हणणे अवघड होते. उत्तम शुक्रवारी आपण ज्या वधस्तंभासमोर तीन तास बसतो, त्या वधस्तंभावर येशूचा प्राण गेलाच नाही, असे कुराण चौथ्या सूऱ्यात, म्हणजे अध्यायात, सांगते. 'तीन म्हणू नका' हेही त्याच सूऱ्यात आहे, आणि रोजच्या नमाजात वारंवार म्हटल्या जाणाऱ्या 112 व्या, केवळ चार आयतींच्या सूऱ्यात सांगितले आहे, की देवाने कोणाला जन्म दिला नाही आणि त्यालाही कोणी जन्म दिला नाही. यहुदी मनुष्य येशूला मशीहा मानत नाही. मुसलमान त्याला मसीह म्हणतो, कुमारी मरियमेचा पुत्र मानतो, परंतु देवाचा पुत्र मानत नाही. आपण त्याच्या नावाने बाप्तिस्मा घेतो. ज्या गोष्टीसाठी माणसांनी प्राण दिले ती गोष्ट क्षुल्लक होती, असे आपण त्यांच्या वतीने ठरवू नये. तुमच्या मैत्रिणीचाही त्यात अपमान होतो, कारण तिने आयुष्यभर पाच वेळा वाकून जे म्हटले त्याला निश्चित अर्थ आहे आणि तो अर्थ पुसून तिच्याशी एकरूप होणे म्हणजे ती काय म्हणते हे न ऐकणे होय.

तरुण बांधवांचे म्हणणे यापेक्षा अधिक गंभीरपणे घ्यायला हवे. ते वाईट हेतूने बोललेले नाहीत, आणि त्यांच्या म्हणण्यामागे जो विचार आहे तो मी शक्य तितक्या बळकटपणे मांडते. ते म्हणतील, की पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे देवाविषयीचे जास्तीचे तपशील नव्हेत. त्रैक्य हेच देवाचे असणे आहे. मुख्याध्यापिकाबाईंना मुलगा असला काय आणि नसला काय, त्या बाईच राहतात, पण पुत्राशिवायचा पिता हा पिताच नव्हे, आणि म्हणून पुत्राला नाकारणारा मनुष्य दुसऱ्याच कोणाविषयी बोलत असतो. योहानाच्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, जो पुत्राला नाकारतो त्याला पिताही लाभत नाही, असे स्पष्ट लिहिले आहे, आणि बांधव बहुधा तेच वचन तुमच्यासमोर ठेवतील.

हा युक्तिवाद मला नेहमी एका जागी अडतो, आणि ती जागा त्यांच्याच वाक्यात आहे. यहुद्यांचा देव आपलाच, असे ते म्हणतात. परंतु आजचा यहुदी पुत्राला मानत नाही, त्रैक्य मानत नाही, आणि मानत नाही ते माहीत नसल्यामुळे नव्हे, तर विचारपूर्वक नाकारून. त्रैक्य नाकारणाऱ्याचा देव वेगळा, हा नियम असेल, तर तो दोघांनाही सारखाच लागला पाहिजे. जुना करार आपण यहुद्यांकडून घेतला आणि कुराण आपण पवित्र शास्त्र मानत नाही, हा फरक खरा आहे; पण देवाचे बोलणे कोणत्या ग्रंथात ऐकायचे, याविषयीचा तो फरक आहे. हाक कोणाला मारली जाते, हे त्यावरून ठरत नाही. दुसऱ्या शतकात मार्शन नावाच्या शिक्षकाने सांगितले होते, की जुन्या कराराचा कठोर देव निराळा आणि येशूचा पिता निराळा. त्याची शिकवण पुष्कळ पसरली, आणि तरीही मंडळीने, म्हणजे चर्चने, ती पाखंड म्हणून नाकारली. आपल्या पूर्वजांना दोन देव करणे सोपे गेले असते. त्यांनी तो मार्ग घेतला नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

आणखी एक गोष्ट बांधवांना कदाचित माहीत नसेल. त्यांनी जी मांडणी केली, म्हणजे यहुदी आणि ख्रिस्ती एका बाजूला आणि मुसलमान दुसऱ्या बाजूला, ती यहुद्यांच्या परंपरेला मुळीच सरळ वाटत नाही. बाराव्या शतकातला मोझेस मायमोनिडीस हा यहुदी धर्मशास्त्राचा सर्वांत मोठा पंडित मानला जातो; तो कैरोत वैद्यकी करीत असे आणि 1204 साली वारला. त्याचा निर्णय असा होता, की मुसलमान मूर्तिपूजक नाहीत, त्यांची एकदेवनिष्ठा निर्दोष आहे, आणि ख्रिस्ती उपासना मात्र मूर्तिपूजेत मोडते. म्हणजे त्याच्या दृष्टीने चुकीच्या बाजूला आपण उभे होतो. त्याच मायमोनिडीसने असेही म्हटले, की तोरा, म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ, शिकवायची असेल तर ती ख्रिस्ती माणसाला शिकवता येईल, कारण तो निदान तो ग्रंथ खरा मानतो. त्याच्या या दोन निर्णयांत मला विसंगती दिसत नाही. कोण कोणाच्या किती जवळ, हे एका पट्टीने मोजता येत नाही, एवढेच त्यातून दिसते. पुढच्या काळातल्या अनेक रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मगुरूंनी, ख्रिस्ती लोकांविषयी मायमोनिडीसपेक्षा सौम्य मत दिले, आणि सन 2000 मध्ये दीडशेहून अधिक यहुदी विद्वानांनी सह्या करून प्रसिद्ध केलेल्या 'दाब्रु एमेत' या निवेदनाचे पहिलेच विधान असे आहे, की यहुदी आणि ख्रिस्ती एकाच देवाची उपासना करतात. सर्व यहुद्यांना ते मान्य झाले नाही, हेही सांगायला हवे.

यहुदी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दूरचा देश येतो, परंतु आपल्याच भाषेत बोलणारे यहुदी कोकणात शतकानुशतके राहिले. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम न करणारे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी त्यांची आडनावे. हे बेने इस्राएल लोक आपल्या प्रार्थनागृहाला मशीद म्हणत. सॅम्युएल दिवेकर यांनी 1796 साली मुंबईत मांडवीला बांधलेले त्यांचे पहिले सिनेगॉग पुढे 'जुनी मशीद' म्हणूनच ओळखले जाई. एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने ते जो नैवेद्य करतात त्याला ते मलिदा म्हणतात, आणि मलिदा हा शब्द तुमच्या मैत्रिणीच्या घरीही परका नसेल. शब्द सारखे म्हणून श्रद्धा सारखी, असा निष्कर्ष मी यातून काढत नाही. मात्र शेजारच्या मुसलमानाच्या प्रार्थनागृहाचे नाव आपल्या प्रार्थनागृहाला देताना त्या माणसांना आपण भलत्या देवाच्या दारी चाललो आहोत असे वाटले नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

'अल्ला' या शब्दाविषयीही थोडे सांगते, कारण बऱ्याच लोकांचा अडसर मुळात त्या शब्दापाशीच असतो. अल्लाह हा अरबी भाषेतला देव या अर्थाचा शब्द आहे. अरबी बोलणारे ख्रिस्ती शतकानुशतके याच शब्दाने प्रार्थना करतात, त्यांच्या अरबी पवित्र शास्त्रात पहिल्याच वाक्यात तो आहे, आणि दहाव्या शतकात सादिया गाओन या रब्बीने तोराचे अरबी भाषांतर केले तेव्हा त्यानेही तोच वापरला. माल्टा बेटावरचे कॅथलिक लोक आजही देवाला 'आल्ला' म्हणतात. उत्तम शुक्रवारच्या उपासनेत तुम्ही दरवर्षी ऐकता ते 'एलोई, एलोई, लमा सबखथनी' हे प्रभूचे शब्द अरामी भाषेतले आहेत, आणि त्यातला 'एलोई', म्हणजे 'माझ्या देवा', हा त्या अरबी शब्दाचा सख्खा नातलग आहे. आपण मराठी ख्रिस्ती तर 'परमेश्वर' हा शब्द शेजारच्या हिंदू घरातून घेऊन आलो आणि त्यात आपला अर्थ भरला. तेव्हा शब्दावरून कोणाला दोष देता येत नाही. तसेच, शब्द एक आहे म्हणून वाद मिटला असेही नाही, कारण एकाच नावाची दोन माणसे असू शकतात. शब्दाचा मुद्दा एवढ्यावर सोडते.

पवित्र शास्त्रात या प्रश्नाच्या सर्वांत जवळचा प्रसंग मला शोमरोनी स्त्रीचा वाटतो. शोमरोनी लोक मोशेचे पाच ग्रंथ मानत, संदेष्ट्यांचे ग्रंथ मानत नसत, आणि यरुशलेमऐवजी आपल्या डोंगरावर उपासना करीत. याकोबाच्या विहिरीपाशी त्या स्त्रीने उपासनेचे खरे ठिकाण कोणते, असे विचारले, तेव्हा येशूने तिला खुश करण्यासाठी दोन्ही सारखेच आहे असे म्हटले नाही. तुम्ही ज्याची उपासना करता तो तुम्हांला ठाऊक नाही, आणि तारण यहुद्यांमधून आहे, असे त्याने सांगितले. पण तुम्ही दुसऱ्या देवाची उपासना करता, असेही तो म्हणाला नाही. अज्ञानाचा ठपका ठेवूनही तो तिच्याशी बोलत विहिरीवर बसून राहिला. पौलाने पुत्राला न मानणाऱ्या आपल्या यहुदी बांधवांविषयी रोमकरांस पत्रात जे लिहिले त्याचाही सूर हाच आहे : त्यांना देवाविषयी आस्था आहे, पण ती यथार्थ ज्ञानाला धरून नाही. योहानाचे वचन मी खोडत नाही. पुत्राला नाकारून माणूस पित्याच्या सहवासातले काय गमावतो, हे ते सांगते, आणि ते मला मान्य आहे. कोणाचे तारण होते याचा निकालही मी येथे देत नाही, कारण तुम्ही तो विचारलेला नाही आणि तो देण्याचा अधिकार माझा नाही.

मंडळीच्या इतिहासातही हाच सूर पुन्हा पुन्हा ऐकू येतो. 1076 साली सातवे पोप ग्रेगरी यांनी उत्तर आफ्रिकेतल्या अन-नासिर या मुस्लिम राजाला पत्र लिहून, आपण दोघे वेगवेगळ्या रीतीने का होईना, एकाच देवाला मानतो आणि कबूल करतो, असे म्हटले. कॅथलिक मंडळीच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 च्या आपल्या घोषणेत मुसलमान हे एकमेव, जिवंत, दयाळू आणि सर्वसमर्थ अशा, आकाश व पृथ्वीच्या निर्मात्याची आराधना करतात, असे नोंदवले. तुमचे बांधव प्रोटेस्टंट असल्यामुळे रोमचा दाखला त्यांना पुरेसा वाटणार नाही. त्यांना प्रोटेस्टंट पंथाचा प्रवर्तक मार्टिन लूथर याची 1529 ची मोठी प्रश्नोत्तरी दाखवावी. लूथर तुर्कांविषयी, म्हणजे मुसलमानांविषयी, आणि यहुद्यांविषयी किती कठोर लिहीत असे, हे सर्वज्ञात आहे, आणि यहुद्यांविषयीचे त्याचे उत्तरकाळातले लेखन तर लाज वाटावी असे आहे. तरी त्या प्रश्नोत्तरीत तो म्हणतो, की हे लोक एकाच खऱ्या देवाला मानत आणि भजत असले, तरी त्याचे आपल्याविषयीचे मन कसे आहे हे त्यांना कळत नाही. आपल्याजवळ काय आहे आणि दुसऱ्याजवळ काय नाही, याविषयी लूथर अजिबात मऊ झालेला नाही. तरी हाक कोणाला जाते, याविषयी त्याने दोन देव केले नाहीत. आजही हा वाद पूर्ण शमलेला नाही. अमेरिकेतील व्हीटन या ख्रिस्ती कॉलेजात लॅरिसिया हॉकिन्स या प्राध्यापिकेने 2015 च्या डिसेंबरात, मुसलमान आणि ख्रिस्ती एकाच देवाची उपासना करतात असे लिहिल्यावर तिला रजेवर पाठवण्यात आले, आणि पुढच्या फेब्रुवारीत ती व ते कॉलेज वेगळे झाले. तेव्हा या प्रश्नाने तुमची झोप उडाली, यात तुमचे काही चुकलेले नाही.

तुमच्या मैत्रिणीच्या बाजूने पाहिले, तर तिने "देव काय दोन आहेत का?" हे केवळ तुमच्या प्रेमापोटी विचारले नसावे. कुराणाच्या 29 व्या सूऱ्यात ग्रंथधारकांशी, म्हणजे यहुदी आणि ख्रिस्ती यांच्याशी, उत्तम रीतीनेच बोला आणि त्यांना सांगा, की आमचा देव आणि तुमचा देव एकच आहे, अशी आज्ञा आहे. ती तिच्या धर्माप्रमाणेच बोलली. तिचा धर्म तिला हेही सांगतो, की येशूला देवाचा पुत्र म्हणण्यात तुमची चूक होते आहे. म्हणजे तुम्ही तिच्याविषयी जे म्हणता, जवळपास तेच ती तुमच्याविषयी म्हणते : देव तोच, समजूत चुकलेली. दोघींनी 29 वर्षे हे न बोलता सांभाळले.

आता उशाशी बसण्याविषयी, कारण मला सर्वांत जास्त जे सांगायचे आहे ते येथे आहे. मत्तयाच्या 25 व्या अध्यायातला न्यायाचा प्रसंग तुम्हाला पाठ असेल. राजा म्हणतो, मी आजारी होतो आणि तुम्ही माझ्या समाचाराला आला. आणि नीतिमान लोक विचारतात, प्रभू, आम्ही तुला आजारी केव्हा पाहिले? मुस्लिम परंपरेतल्या 'सहीह मुस्लिम' या हदीसच्या संग्रहात पैगंबरांचे एक कथन आहे. पुनरुत्थानाच्या दिवशी देव म्हणेल, हे आदमच्या पुत्रा, मी आजारी होतो आणि तू मला भेटायला आला नाहीस. मनुष्य म्हणेल, तू तर साऱ्या विश्वाचा स्वामी, तुला मी कसा भेटायला येणार? देव म्हणेल, माझा अमुक सेवक आजारी होता हे तुला ठाऊक नव्हते का? त्याच्याकडे गेला असतास, तर मी तुला त्याच्याजवळ सापडलो असतो. यहुद्यांच्या तालमूद या धर्मचर्चेच्या ग्रंथात रब्बी सांगतात, की आजारी माणसाच्या उशाच्या वर देवाचे सान्निध्य असते, म्हणून समाचाराला येणाऱ्याने पलंगावर किंवा उंच आसनावर बसू नये. हे तीन उतारे मी प्रथम एकापुढे एक ठेवून वाचले तेव्हा माझे वडील एका रुग्णालयात होते, आणि शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाची बुरख्यातली आई रोज पहाटे आपल्या मुलासोबत माझ्या वडिलांवरही फुंकर घालून जात असे. मी तिला कधी थांबवले नाही आणि थांबवायला हवे होते असे मला आजही वाटत नाही.

या तीन उताऱ्यांतही फरक आहेच. मत्तयात बोलणारा राजा हा मनुष्याचा पुत्र आहे, आणि तो म्हणतो की ते तुम्ही मलाच केले. हदीसमध्ये देव म्हणतो की मी त्याच्याजवळ सापडलो असतो. तालमूदमध्ये देवाचे सान्निध्य उशाच्या वर आहे. आजाऱ्याच्या देहात, आजाऱ्याशेजारी आणि आजाऱ्याच्या वर, असे हे तीन प्रकार आहेत, आणि देवाने देह धारण केला की नाही हा सारा वाद या तीन शब्दांत मावतो. पण तिघांनीही त्याला शोधायला एकाच खाटेपाशी पाठवले आहे. म्हणून मैत्रिणीजवळ बसून प्रार्थना करू नका, हा बांधवांचा सल्ला मला आपल्याच शास्त्राशी विसंगत वाटतो.

शब्दांविषयी तुम्ही विचारले आहे. 23 वे स्तोत्र वाचा, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे. ते दावीदाचे आहे, यहुदी ते म्हणतात, आणि दावूदला जबूर, म्हणजे स्तोत्रांचा ग्रंथ, देवाने दिली हे मुसलमान मानतात, जरी आपल्या हातातला पाठ जसाच्या तसा राहिला आहे असे बहुतेक उलेमा मानत नसले तरी. ईयोबाची आठवण काढा. तिच्याकडे तो अय्यूब आहे, आणि कुराणात त्याची आजारपणातली हाक इतकीच आहे, की मला दुःखाने गाठले आहे आणि तू सर्व दयाळूंहून दयाळू आहेस. ती हाक तिला बहुधा पाठ असेल. तुम्ही 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणालात, तर 'पिता' हा शब्द तिच्या कानांना वेगळा लागेल, कारण मुसलमान देवाला अनेक सुंदर नावांनी हाक मारतात, पण त्यात पिता हे नाव नाही. तरीही ती प्रार्थना टाळू नका. ती तुमची प्रार्थना आहे आणि ख्रिस्ती मैत्रिणीने ख्रिस्ती प्रार्थना करावी, हेच तिने मागितले आहे. शेवटी 'येशूच्या नावाने' म्हणा, नेहमीच्या आवाजात, आवाज न चढवता आणि न लपवता. सुरुवात करण्यापूर्वी एवढेच विचारा, की मी माझ्या पद्धतीने प्रार्थना करू का. तिने मान हलवली, की पुरे.

एक सीमा मात्र पाळा, दोन्ही बाजूंनी. तिला बरे वाटावे म्हणून कलमा म्हणू नका. त्याचा पहिला अर्धा भाग, देवाशिवाय दुसरा देव नाही, तुमचाही विश्वास आहे. पण दुसऱ्या अर्ध्यात महंमद हे देवाचे प्रेषित असल्याची साक्ष आहे, आणि साक्ष ही सौजन्य म्हणून द्यायची गोष्ट नव्हे. त्याचप्रमाणे, ती अशक्त आहे, आभारी आहे आणि तुम्हाला नाही म्हणू शकणार नाही, अशा वेळी तिच्याकडून येशू प्रभू असल्याचे वदवून घेऊ नका. सभेतल्या कोणी तशी अपेक्षा केली, तर त्यांना सोबत नेऊ नका. ती तुमच्या विश्वासाविषयी स्वतः काही विचारेल, तर वधस्तंभासह सारे खरेखरे सांगा. ती प्रार्थनेच्या शेवटी 'आमीन' म्हणेल आणि तुम्ही 'आमेन' म्हणाल. हिब्रू भाषेतून दोघींकडे आलेला तो एकच शब्द आहे आणि त्याचा अर्थ 'असेच होवो' एवढाच आहे.

बांधवांशी सभेत वाद घालू नका, कारण चारचौघांत कोणी आपले मत बदलत नाही. आधी पाळकसाहेबांना एकटे भेटा आणि एकच प्रश्न विचारा, की पुत्राला न मानणाऱ्या यहुद्यांचा देव जर आपलाच, तर माझ्या मैत्रिणीला वेगळा नियम कोणत्या आधारावर लागतो. त्यांचे उत्तर मनापासून ऐका. माझ्यापेक्षा चांगले उत्तर त्यांच्याजवळ असू शकेल. मुलाला मात्र एकदा सोबत न्या. त्याने आईच्या मैत्रिणीला तिच्या भाषेत प्रार्थना करताना आणि आईला आपल्या भाषेत प्रार्थना करताना एकाच खोलीत ऐकावे.

डायलिसिस झाल्यावर रुग्णाला फार थकवा येतो, म्हणून त्या दिवशी जाऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास जा, म्हणजे दुपारच्या नमाजाला अवकाश असेल. नमाजाची वेळ झालीच, तर तिला बसल्या जागी किंवा पडल्या पडल्या नमाज पढू द्या आणि तोवर शेजारच्या खोलीत थांबा. बसायला लहान स्टूल मागून घ्या, पलंगावर बसू नका.